एक तरी रोप

शतावरीचं बी पहिल्या नजरेला मिऱ्यासारखं वाटतं. पण मिऱ्यावर सुरकुत्या असतात, यावर नसतात. टरफल काळं आणि इतकं कडक, की नखाने ओरखडा उठत नाही. मंदाकिनीने मूठभर बी थर्मासमध्ये टाकलं, किटलीतलं उकळतं पाणी वर ओतलं आणि झाकण फिरवलं. चष्म्यावर वाफ धरली. काच पदराने पुसत ती म्हणाली, "सकाळी पेरा."

"यंदा येईल ना गं?" आनंदने विचारलं. दरवर्षी तो हेच विचारायचा.

"रानातलं बी आहे. त्याला सुप्तावस्था असते. सांगता येत नाही."

तिने कल्याणच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. तो पोस्टातून निवृत्त झालेला. बियांच्या बाबतीत घरात तिचाच शब्द अखेरचा असे.

बाथरूमच्या खिडकीत आनंदचा दाढीचा मग बशीने झाकून ठेवलेला होता. मंदाकिनीने त्याला हात लावला नाही. आपल्या वस्तू कुणी हलवलेल्या त्याला चालत नसत.

खडवलीला त्याने नोकरीत असतानाच जमिनीचा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. निवृत्त झालं की तिथे जाऊन राहायचं, शतावरी लावायची, असा बेत. मंदाकिनीने कधी नाही म्हटलं नाही. 'आधी इथे कुंडीत बियापासून एक तरी रोप उगवून दाखवा, मग जाऊ,' एवढंच ती म्हणाली होती. त्याला ते पटलंही. पुढे त्याच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. तेव्हाही ती नाही म्हणाली नाही.

दर हिवाळ्यात तो खडवलीला जाऊन कुंपणावरच्या वेलीची लाल फळं तोडून आणी. गर राखेत चोळून काढी आणि बी चाळणीत घालून गॅलरीत, तुळशीच्या कुंडीवर वाळत ठेवी. उन्हाळा सरताना पेरणी होई. मग रोज चहाचा कप घेऊन तो कुंडीसमोर स्टुलावर बसे. माती मातीच राही.

गेल्या वर्षी तुळशीच्या बुडाशी हिरव्या सुईसारखं काहीतरी वर आलं होतं. मंदाकिनीने ते दोन बोटांत धरून उपटलं.

"काय होतं ते?" आनंदने पेपरमागून विचारलं.

"तण."

"बरं," तो म्हणाला आणि पान उलटलं.

पेरणीनंतरच्या रविवारी नीरजा, त्यांची लेक, ठाण्याहून आली. आल्या आल्या गॅलरीत डोकावली.

"बाबा, अजून तेच? अहो, दुकानात पावडर मिळते शतावरीची."

"पावडर उगवत नाही."

"तुमचं बी तरी कुठे उगवतंय! आई, एमएस्सी बॉटनी आणि घरात एक बी येईना. कुणाला सांगू नकोस हां."

तिघंही हसले. मंदाकिनी जरा उशिरा हसली.

"पण एवढं करायचं काय असतं त्यात?" नीरजाने विचारलं.

"काही नाही. रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, ते तुझ्या आईचं खातं. पेरायचं, ते माझं. उगवायचं, ते बियाचं."

"म्हणजे कामचुकार तेवढं बीच."

"तसं दिसतंय खरं," आनंद म्हणाला.

स्वयंपाकघरात नीरजा आवाज खाली आणून म्हणाली, "आई, तू सरळ सांगत का नाहीस त्यांना? तिथे छातीत दुखलं तर कुठे नेणार आहेस?"

"मी कशाला सांगू? बी सांगतंय ना."

आनंद रिकामा कप घेऊन दारात उभा होता. तो आत आला, कप सिंकमध्ये ठेवला, नळ थोडा सोडून विसळला आणि बाहेर गेला.

संध्याकाळी खडवलीच्या कुलपाची किल्ली घेऊन तो गॅलरीत बसला. शिलाई मशीनचं तेल कापसावर घेऊन त्याने ती पुसली. दरवर्षी पुसायचा. मंदाकिनी आतून पाहत होती. त्याची मान किती बारीक झाली होती. कॉलर आता सगळीकडून सैल बसत होती. निवृत्तीच्या दिवशी याच माणसाने फावडं विकत आणलं होतं. ते अजून पलंगाखाली, कागदात गुंडाळलेलं.

पुढच्या वर्षी वेगळ्या रीतीने करून पाहावं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. मग पुढचं वर्ष तिला फार लांब वाटलं.

महिना उलटला. एका सकाळी ती भाजी निवडत असताना गॅलरीतून हाक आली.

"मंदा, जरा ये."

तो स्टुलावर बसला होता. कुंडीत मधोमध हिरवी सुई उभी होती, बोटाच्या पेराएवढी. तिच्याशेजारी दुसरी. कडेला तिसरी माती फोडत होती.

मंदाकिनी वाकली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काचा स्वच्छ होत्या.

"कसं शक्य आहे?" ती म्हणाली.

"शतावरीच ना? का तण?"

"शतावरी."

खाली रिक्षावाल्यांची वादावादी चालली होती. तिने सुईच्या टोकाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. एवढी वर्षं तिने न उच्चारलेला शब्द आता अगदी सहज तोंडावर आला.

"जाऊ या अहो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ आपण."

आनंदने खिशातून किल्ली काढली. तेलाने ती चकाकत होती. तो किल्लीकडेच पाहत बोलला. आवाजात राग नव्हता.

"हे थर्मासमधलं बी नाही, मंदा. दाढीच्या मगातलं आहे. मी कोमट पाण्यात भिजवलं होतं. आणि आपण नाही. मी एकटा जातोय."