विक्रीसाठी नाही

वसमतच्या सोमेश्वरनं चीनहून चार्जिंगचे दिवे मागवले होते, बाळाच्या पाळण्याला टांगायचे, सशाच्या आकाराचे. माल अजून बाजारात आलेला नव्हता, हे नुसते नमुने. खोक्यावर ‘फक्त तपासणीसाठी, विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहिलेलं, म्हणूनच कस्टमनं ते सोडलं. दोन दिवे त्यानं प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळेत धाडले आणि बाकीचं खोकं घरी माळ्यावर ठेवून दिलं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. दिवेलागणीला दुकानात प्रयोगशाळेचा फोन आला, "उरलेला एकही दिवा चार्जिंगला लावू नका. आमचे दोन्ही फुटले, टेबल जळालं."

सोमेश्वर तसाच घराकडं पळाला. गल्लीतली लाईट गेलेली होती. ओसरीवर खोकं रिकामं पडलं होतं आणि त्याची बायको मंजुषा हळदी-कुंकवाचं ताट आवरत होती.

"अगं, यातले दिवे कुठं गेले?"

"वाण लुटलं की आज! इकायचे न्हाईत असं खोक्यावरच लिवलंय. मी कुठं इकले?" ती कौतुकानं सांगू लागली. "गल्लीत ज्यांच्या घरी तान्हं लेकरू हाय, त्या समद्यांना दिले. लई खूश झाल्या बाया. पाळण्याला बांधून, वायर बोर्डात घालून, लाईटीची वाट बघून राहिल्यात."

तो वळून दाराकडं धावला.



उंबऱ्यातच त्याला गल्लीतल्या पोरांचा गलका ऐकू आला, "आली रे आली! लाईट आली!"