नाद संपला की हात वर

“आवाज पूर्ण विरला, कानात काही म्हणजे काही उरलं नाही, की हात वर करायचा. घाई नको,” असं सांगून तिनं काशाच्या वाटीवर लाकडी दांडी हलकेच टेकवली. नाद बागेतल्या हिरवळीवर पसरला, थरथरला, बारीक होत गेला.

एकेक हात वर येऊ लागला. पहिला निवृत्त मास्तरांचा. त्यांना सगळ्यातच पहिलं यायचं असायचं. मग पुढच्या रांगेतल्या दोघी मैत्रिणींचे, मग मागच्यांचे. शेवटी तिनं स्वतःचाही वर केला.

दादाचा मात्र येईना.

तो अगदी मागं बसला होता, डोळे घट्ट मिटून, गुडघ्यांवर मुठी आवळून. तिचा सख्खा थोरला भाऊ. वहिनीनंच गळ घातली होती, “येता-जाता खेकसतात गं. निजताना रेडिओ मोठ्यानं लावतात, वर पंखा. पोरं घाबरून असतात. तुझ्या ध्यानाच्या वर्गाला ने, डोकं तरी ताळ्यावर येईल.”

ती थांबली. वर केलेले हात अवघडून खाली आले. मास्तरांनी एक डोळा उघडून पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं.

तिची कानशिलं तापली. ‘वाट्या बडवून कुठं डोकी शांत होतात?’ हे त्यानं गाडीतच ऐकवलं होतं. आता चारचौघांत तेच करून दाखवत होता.

“दादा, पुरे,” ती जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाली. “सगळ्यांचं झालंय.”

“माझं नाही झालं.”

“अरे, वाटी केव्हाच थांबली.”

“तूच म्हणालीस ना, काही म्हणजे काही उरलं नाही की हात वर?” त्याचा आवाज चढला. “थांबतच नाहीये, तर काय करू? खोटा हात वर करू?”

हसू जागच्या जागी विरलं. त्याचे डोळे अजून मिटलेले होते आणि हनुवटी लटलट हलत होती. तो उठला आणि अनवाणीच चालू लागला. ती दांडी हातात तशीच धरून मागं धावली.

“दादा, थांब! कसला आवाज? कधीपासून?”

“नळी फुटली तेव्हापासून.”

ती जागीच थबकली. कारखान्यातली वाफेची नळी. तिच्या तडाख्यात त्याचा जोडीदार जागीच गेला होता. हा मात्र धडधाकट घरी आला होता. ‘पोराला ओरखडासुद्धा नाही,’ असं आई येईल त्याला सांगत होती.

“आणि इतके दिवस कुणाला बोलला नाहीस?”

“काय तोंडानं बोलू?” तो गर्रकन वळला. “त्याची बायको घरी येते. विचारते, ‘भाऊजी, जाताना काही बोलले का हो ते?’ तिला सांगू, ‘वहिनी, माझे कान वाजतात’? शिट्टी आहे गं, चिमे. बारीक. जेवताना, पोरं बोलताना. तुझ्या त्या वाटीच्या आतसुद्धा. आणि तू म्हणतेस, शांतता ऐका! तीच तर सोसत नाही मला. परवा ड्रिल चालू होतं हातात, ते कानापाशी नेलं...”

“दादा!”

“घाबरू नको. बंद केलं लगेच. ठेवून दिलं.”

येईल ते येऊ द्या, जाईल ते जाऊ द्या, श्वासाकडे लक्ष द्या. वर्गातली ही रोजची वाक्यं तिला आता पोकळ वाटली.

तो पुन्हा चालू लागला होता. बागेच्या उताराला तळं होतं. ते भरायला माळ्यानं मोठा नळ सोडला होता आणि पाणी उंचावरून दगडांवर धो धो आदळत होतं. दादा थेट काठाकडे निघाला. तिनं झेप घेऊन मागून त्याचा सदरा मुठीत धरला.

“सोड.”

“नाही सोडणार.”

त्यानं मान तिरकी केली. धारेकडे एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. सदऱ्याबरोबर तीही ओढली गेली. दोघांच्या अंगावर तुषार उडत होते.

“काय झालं?” तिला ओरडावं लागलं.

“बोलू नको जरा.” तो कितीतरी वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, “बुडाली.”

“काय बुडाली?”

“शिट्टी. आहे, गेली नाही. पण खाली आहे. पाण्याच्या खाली.”

तो ओल्या दगडावर मटकन बसला. ती शेजारी टेकली, त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “आजच्या आज कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. ड्रिलचंही सांगायचं त्यांना. मी आहे बरोबर.”

“जाऊ,” तो म्हणाला. “पण आत्ता लगेच नको.”

हळूहळू त्याच्या मुठी सैल पडल्या. डोकं तिच्या खांद्यावर कललं, जड झालं. तो झोपला होता. वर हिरवळीवर तिचा वर्ग घोळका करून उभा होता. खाली यायला कुणी धजत नव्हतं.

तळं काठोकाठ भरलं. पाणी पायवाटेवरून वाहत त्यांच्या पावलांपर्यंत आलं. पलीकडून लगबगीनं माळी आला आणि त्यानं नळाचं चाक धरलं. तिला हाक मारता येत नव्हती, हलता येत नव्हतं. डोळ्यांनीच, जीव तोडून, ती त्याला नको नको म्हणत राहिली.