जांभई

शेवटच्या दुपारीही बाबांनी थट्टा सोडली नाही. पक्षाघाताने वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाले, "घाला माशाला पेटीत. आणि घरी कधी?"

"बरे झालात की," लेक रोजच्यासारखंच म्हणाली.

मेंदूला प्राणवायू मिळावा म्हणून त्यांना काचेच्या मोठ्या नळकांड्यात निजवत. आत दाब चढला की त्यांच्या कानांत दडे बसत. मग ती बाहेरून भलीमोठी जांभई द्यायची, ते तिची नक्कल करायचे आणि कान मोकळे झाले की डोळा मिचकावायचे. त्या दिवशी डोळा मिचकावून ते दाराकडे बघत राहिले.

त्याच रात्री वॉर्डात ते गेले.

आठवड्याने ती यंत्राजवळ राहिलेल्या त्यांच्या चपला न्यायला आली. वाकताच तिच्या कानांत गच्च दडे बसले.

"मशीन चालू आहे?"

"नाही ताई, सकाळपासून बंदच आहे," तंत्रज्ञ म्हणाला.

काचेत तिचाच चेहरा होता. तिने ओठ घट्ट मिटले होते. काचेतल्या चेहऱ्याने मात्र सावकाश मोठी जांभई दिली, एका बाजूला वाकडी.

तिचे कान मोकळे झाले. काचेतला एक डोळा मिटला, उघडला आणि दाराकडे वळला.

"बाबा," ती म्हणाली, "पुरे झालं हे. चला, घरी जाऊ."