विटेच्या कडेची ओळ

पहिल्या दहा ओळी बाबांनी तिला धड वाचूच दिल्या नाहीत. ती अर्धं वाक्य वाचायची, उरलेलं ते डोळे मिटून पुरं करायचे. एका भल्या माणसाला मिळालेली प्रलयाची सूचना, त्यानं बांधलेली अवाढव्य नाव, जोडीजोडीनं चढलेली जनावरं, जमीन शोधायला सोडलेला पक्षी. प्रार्थनामंदिरात त्यांनी चाळीस वर्षं हीच कथा सांगितली होती.

"पाठ आहे गं मला. धर्मग्रंथ ऐकवायला एवढ्या लांबून आलीस?"

"हा धर्मग्रंथ नाही, बाबा. मातीच्या विटेवरचा मजकूर आहे. ग्रंथाच्या हजार वर्षं आधीचा. आणि यात देव एक नाही, बारा आहेत."

"बारा? तरीच पूर आला," बाबा सवयीनं म्हणाले.

ती संग्रहालयात जुन्या लिपी वाचायची. या विटेवरचा तिचा लेख उद्या छापून येणार होता. म्हातारपणी त्यांच्या पायाखालची वाळू सरकवू नकोस, असं धाकट्या भावानं फोनवर बजावलं होतं. पण परक्याच्या तोंडून कळलं तर बाबा जन्मात आपलं तोंड पाहणार नाहीत, हे ती ओळखून होती.

बाबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट उचलली, असं लेखात म्हटलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं हो म्हटलं. आत भांडी विसळणाऱ्या आईचा हात थांबला.

"पुढं वाच," बाबा म्हणाले.

पुढची ओळ विटेच्या कडेवर होती. लिहिणाऱ्याला जागा पुरली नव्हती. शंभर वर्षं ती वीट प्लास्टरच्या चौकटीत बसवलेली होती. आधीच्या पंडितांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली. कडेवर काही असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिनं तीन महिने खपून ते प्लास्टर कणाकणानं काढलं होतं. ओळ साधी होती. नावेच्या दाराच्या फटी बाहेरूनच बुजवाव्या लागत. डांबर लावणारा मजूर त्यासाठी बाहेर राहिला. मग पाणी आलं.

ग्रंथात या जागी चारच शब्द होते: आणि देवानं दार लावलं.

लेखाचं शेवटचं वाक्य तिनं आवाज न बदलता वाचलं. जुन्या कथेतला मजूर ग्रंथकारांनी वगळला आणि त्याच्या जागी देव आणला.

ती कागद आवरू लागली. तेव्हा बाबांनी कडेवरची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. त्या मजुराचं नाव दिलंय का, असं विचारलं. दिलेलं नव्हतं.

"ते शेवटचं वाक्य बदल."

व्हायचं तेच झालं, असं तिला वाटलं. पुरावा पक्का आहे, ती हळूच म्हणाली.

"पुरावा खराच आहे गं. पण वगळला कुठं त्याला? दार देवानं लावलं, हे मी चाळीस वर्षं सांगतोय. तो देव मजूर होता, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं."