स्टेपनीखालची पट्टी

“स्टेनलेस म्हणून काय गळ्यात मारलंस रे माझ्या?” रंगरावांनी पिकअपच्या हौद्यातूनच धाकट्या भावावर तोफ डागली. वडिलांच्या जुन्या पिकअपला त्यांनी हौसेने नव्या सागवानी फळ्या बसवल्या होत्या. फळ्यांमधल्या पट्ट्या निवासने स्वतः निवडून आणल्या होत्या, आणि त्यांच्यावर आज पुन्हा गंजाचे ठिपके उठले होते.

“दादा, लोहचुंबक लावून बघितलं होतं. एकीलाही चिकटलं नाही.”

“मग हे काय, हळदी-कुंकू आहे? रोज सकाळी तुझ्या वहिनीची तारेची घासणी घेऊन खरडतोय. हात सोलवटले, पण जितकं घासावं तितका गंज वाढतोय! दुकानदाराने तुला गंडवलं, आणि तू मला!”

निवासचा चेहरा पडला. पाना घेऊन तो हौद्यात चढला. “काढून नेतो सगळ्या.”

पहिला बोल्ट स्टेपनीखाली होता. दोघांनी मिळून ती सरकवली, आणि रंगरावांचं तोंड उघडंच राहिलं. पट्ट्या बसवल्यापासून स्टेपनी तिथून हलली नव्हती, त्यामुळे घासणी तिथे कधी पोहोचलीच नव्हती. तेवढीच पट्टी आरशासारखी लखलखत होती.

रंगराव हातातल्या घासणीकडे बघत राहिले. तिच्या लोखंडी तारांवर तसाच तांबूस गंज चढला होता.

“राहू देत पट्ट्या,” ते शेवटी पुटपुटले. “एवढ्या लांबून आणल्यास.”

निवासने पाना खिशात टाकला आणि दादाच्या हातातली घासणी अलगद काढून घेतली.

“मग हीच तेवढी नेतो.”