चढणीचा मासा

दारावर थाप पडली, तसा परशरामआप्पांनी मोबाईलचा आवाज वाढवला. कॅनडातून ओमकारचा व्हिडिओ कॉल चालू होता. लेक मांडीभर पाण्यात उभा, हातात हातभर लांब मासा.

"गळाला लावलेल्या पिसांच्या खोट्या माशीला फसला बघा, आप्पा."

"लई भारी. रस्सा कर झणझणीत."

"छे, सोडायचा असतो." आणि ओमकारनं तो खरंच पाण्यात सोडला.

आप्पा बघतच राहिले. "तिकडंबी सोमवार पाळत्यात व्हय रं?"

"तसं न्हाय ओ. मादी हाय ती, पोटात अंडी हायत. एरवी मोठ्या तळ्यात ऱ्हाती. पण अंडी घालायला, जिथं जन्मली त्याच ओढ्याला उलटी चढून येती. अशा टायमाला तिची वाट अडवायची न्हाय."

पुन्हा थाप पडली. आप्पांनी मोबाईल कानाजवळ धरला.

"बेस हाय," ते म्हणाले. "आपल्या हिंडलग्याची माणसं बघ. चढणीचा मासा दिसला की ओढ्याच्या तोंडालाच जाळं लावत्यात. जरा म्हणून दयामाया न्हाय."

जयाबाई मघापासनं दाराशीच उभ्या होत्या.

"अवं, आपली दिपाली आलीया," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनाविरुद्ध लगीन केल्यापासनं पहिल्यांदाच. सातवा लागलाय तिला. तुम्ही लावलेली कडी आता काढू व्हय?"