कानबाईची भिंत

कोकिळानं सळई भिंतीला टेकवली आणि रुपचंदनानांनी खाटेवरून पाय खाली घेतले.

"ती कानबाईनी भीत शे," सासरे म्हणाले. "तिले भोक पाडशी?"

"पाडते," सून म्हणाली. "तीन वाजता माझी परीक्षा आहे."

परीक्षा कसली, शेवटची संधी. विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि कॉम्प्युटरवर उतरवायच्या, असं तिचं घरबसल्या काम. कंपनीच्या मॅडम परवा सरळच बोलल्या होत्या: आता शेवटचं तपासू, पुन्हा आवाज तुटला तर दुसरी बघू. शिरपूरच्या बाजूला त्या खेड्यात तिला असलं दुसरं काम कोण देणार होतं? आणि हे काम तिला आवडायचं. तावातावानं बोलणारा माणूस तिच्याशी बोलता बोलता निवळायचा, याचा तिला मनातून अभिमान होता.

नेटचा डबा बाहेर ओसरीत, नानांच्या खाटेपाशी. तिथं बसून बोललं तर आवाज खणखणीत जायचा. पण ओसरीत नानांची माणसं येणार, आणि त्यांच्यासमोर सुनेनं परक्यांशी हसून बोलणं घराला शोभत नव्हतं म्हणे. म्हणून ती आत माजघरात. मधे हातभर जाडीची मातीची भिंत. नेट बिचारं भिंतीत शिरायचं आणि तिथंच राम म्हणायचं.

उपाय करायचे तेवढे करून झाले होते. डबा उंच खुंटीवर टांगला. बूस्टर आणला, तर तो निम्मं नेट स्वतःच गिळून उरलेलं पुढं ढकलायचा. मग चांगला मोठा नवा डबा घेतला, तर त्याची वेगवान लाइन तिच्या जुन्या लॅपटॉपला दिसेच ना. मोबाइलचं नेट घेऊन घराच्या छतावर, धाब्यावर जाऊन बसली, तर उन्हानं मोबाइलच बंद पडला. शेवटी दुकानदारानं हात टेकले. "ताई, मातीच्या भिंतीपुढं कोणाचं चालत नाही. वायर ओढा," म्हणाला. वायर दारातून ओढली. नाना दुपारी आडवे होताना माजघराचं दार दणकन लावून घ्यायचे. दोन वायरी चौकटीत चेंगरून मेल्या. मुद्दाम की सवयीनं, ते नानांनाच ठाऊक.

आता भिंतच राहिली होती. आणि श्रावणात घरात कानबाई देवी बसायची ती याच भिंतीला पाठ लावून.

"नेट चालत नई ते सोडी दे नोकरी," नाना म्हणाले. "बठ्ठं गाव नेटबिगर जगस."

"गाव जगतं नाना. मला नाही जगायचं तसं."

बोलून गेली खरी. या घरात आल्यापासून नानांना असं उलट उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं. पण सळई खाली ठेवली नाही.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. तानुबाईंचे हात पिठानं भरलेले. दर साल कानबाईच्या आधी ही भिंत पांढऱ्या मातीनं त्या स्वतः लिपायच्या. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि कोकिळाच्या हातातली सळई काढून घेतली.

झालं, कोकिळाला वाटलं. आता दोघं एकीकडं.

"आठे नई," तानुबाई म्हणाल्या. "आठे दगड शे."

त्यांनी पिठाचा तळहात भिंतीवरून सावकाश फिरवत नेला. एका जागी थांबल्या आणि बोट दाबलं. माती भुसभुशीत आत गेली.

"आठे मार."

सळई फारसा जोर न लावता शिरली. बाहेर ओढली तर टोकाला एक जुनी चिंधी लटकत आली, मातीनं माखलेली, निळ्या चौकड्यांची. तानुबाईंनी ती झटकून नानांपुढं धरली.

"हाऊ तुमना सदराना तुकडा. टीव्ही उना तवय ॲन्टेनानी वायर तुम्हीच आठून काढेल व्हती. मॅच दखाले. तवय कानबाई कोठे गयथी?"

नाना चिंधीकडं बघत राहिले. "ते येगळं व्हतं," म्हणाले.

"हां. ते तुमनं व्हतं."

कोकिळाला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "आई, तुम्हाला भोक माहीत होतं?"

"दर साल मीच लिपस. मन्हा बोटले म्हाईत शे."

वायर ओसरीतून माजघरात आली. तीनला कोकिळा लॅपटॉपपुढं बसली. तानुबाई तिच्या शेजारीच भाकरीचं पीठ मळायला बसल्या. कानात मॅडमचा आवाज आला, स्वच्छ. कोकिळानं पहिल्या गिऱ्हाइकाला नाव विचारलं, आणि तेवढ्यात ओसरीत खाट करकरली. नाना उठले होते.

दार दणकन लागलं. चौकट हादरली आणि वरून थोडी माती पडली.

सवयीनं कोकिळानं चौकटीकडं पाहिलं; वायर आता तिथं नव्हती. गिऱ्हाइक बोलत होतं. धुळ्याचे कोणी काका, रागावलेले, एकही शब्द न तुटता बोलत होते. ती म्हणाली, "बोला काका, मी ऐकतेय."

तानुबाईंनी पिठावरून नजरसुद्धा उचलली नाही. दाराच्या दिशेनं एवढंच म्हणाल्या, "आखो एक डाव दार लावा. जोरमा."